पानावर दोनच चौकटी

कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात म्हणून अमेरिकेत एकेकाळी कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या. १९५४मध्ये तर प्रकरण थेट सिनेटच्या चौकशीपर्यंत गेलं. आणि त्याच देशात, २०१० साली, ग्रंथपालांच्या संघटनेने नवशिक्या वाचकांच्या पुस्तकाला दिला जाणारा गायझेल पुरस्कार दिला कुणाला? एका कॉमिकला! बेनी आणि पेनी या उंदीर भावंडांच्या गोष्टीला!

हे घडवलं फ्रान्स्वाझ मूली यांनी. मूळच्या पॅरिसच्या, १९९३पासून 'द न्यूयॉर्कर'च्या कलासंपादक. नवरा आर्ट स्पीगलमन, 'माउस' या कॉमिकसाठी पुलित्झर मिळवणारा. मुलगा वाचायला शिकताना अडखळू लागला आणि शाळकरी वाचनपुस्तकं तर अगदीच नीरस, तेव्हा मूलींनी कॉमिक्सचा आधार घेतला. पोरगं रमलं. पुढे चिमुकल्यांसाठी खास कॉमिक्स काढायची कल्पना घेऊन त्या प्रकाशकांकडे गेल्या, तर नकारच पदरी पडले. मग २००८मध्ये त्यांनी स्वतःच 'टून बुक्स' ही प्रकाशनसंस्था सुरू केली. बेनी-पेनीची गोष्ट तिथलीच.

आता ही पुस्तकं उघडून पाहा. अगदी नवशिक्यांसाठीच्या पहिल्या पायरीवर शब्द दोनशे-तीनशे, पानावर चौकटी एक किंवा दोन. इतक्या कमी का? कारण आधी काय, नंतर काय हे चौकटींवरून ओळखणं हेही वाचनच! शिवाय दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जे घडतं, ते कुणीच काढलेलं नसतं. ते मूल मनात रचतं. पाच वर्षांचं मूल!

जेफ स्मिथचं 'लिटल माउस गेट्स रेडी' घ्या. उंदराचं पिल्लू कपडे घालतंय. चड्डीला शेपटीसाठी भोक आहे, त्यातून शेपटी ओढून घ्यायची. मोजे, पँट, शर्टाची बटणं, सगळी खटपट चित्रात दिसते आणि तिथेच शब्दांतही असते. शब्द अडला? नजर चित्रावर जाते आणि अर्थ घेऊनच परत येते. कुणाला विचारायला नको! एवढं नटूनथटून पिल्लू तयार होतं, तर आई म्हणते, उंदीर कुठे कपडे घालतात? इथे मूल खुदकन हसतं. तो विनोद त्याला कुणी वाचून दाखवलेला नसतो, त्याचा त्यानेच वाचलेला असतो. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

तुमच्या घरी कुणी नुकतंच अक्षरांशी झटत असेल, तर एखादी चित्रकथा त्याच्या हाती द्या. शेजारी बसा, आणि पान मात्र त्यालाच उलटू द्या.