आठ गोल आणि कच्चा लिंबू

मावळातल्या तिकोणा गडाच्या पायथ्याशी तिकोणा पेठेत काय किंवा मुंबईच्या चाळीत काय, खेळातल्या अगदी धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून सवलत देण्याचा जो अलिखित कायदा मुलांनी आपल्याकडे चालवला, त्याच्याशी नाते सांगणारी तजवीज नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने बालफुटबॉलच्या नियमांतच दाखल केली असून, तेथे चार गोलांनी मागे पडलेल्या संघास एक जास्तीचा खेळाडू उतरवता येतो. शिवाय अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते ठेवण्यासही मज्जाव आहे. (थोरांना हे शहाणपण कायदा करून शिकावे लागले, हे गमतीचेच.)

जागतिक स्पर्धेत अर्थात अशी मुभा नसते. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वर येथे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेने यजमान भारताला ८-० असे नमवले; पुढे मोरोक्कोने ३-०, ब्राझीलने ५-०. एकूण सोळा गोल स्वीकारून, एकही न करता आपल्या मुलींची मोहीम आटोपली. आणि ३० ऑक्टोबरला, मावळातून घाट उतरताच फारशी दूर नसलेल्या नवी मुंबईत, स्पेनने कोलंबियाला अंतिम सामन्यात जेमतेम १-० असे हरवले, तोही गोल कोलंबियाच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला.