ट्रंक लिंक का डळमळते?

आपल्या मराठी घरांत ट्रंक हा शब्द आधी आला तो पत्र्याच्या पेटीच्या रूपात. ती आजीच्या खाटेखाली असायची. मग आला ट्रंक कॉल, नंबर नोंदवून तासन्‌तास वाट बघायला लावणारा. इंग्रजीच्या पुस्तकात झाडाचं खोडही ट्रंक आणि हत्तीची सोंडही ट्रंकच. आता कॉलेज, दवाखाना, बँक असं कुठेही गेलं, तरी भिंतीवरच्या लोखंडी कपाटात आणखी एक ट्रंक असते. तिला म्हणतात ट्रंक लिंक. हा लेख तिच्याबद्दल आहे.

साहित्य मंडळाच्या अंकात हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण सोपं आहे. ही लिंक डळमळली की ग्रंथालयाचा कॅटलॉग अडतो, परीक्षेचा फॉर्म अर्धवट राहतो, फी भरली की नाही ते कळत नाही. आणि आपण सगळे एकच वाक्य बोलतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हणावं, तसंच हे. त्यावरून औषध कसं देणार?

आधी मूळ गोष्ट. स्विच म्हणजे अनेक संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. प्रत्येक मजल्यावर किंवा इमारतीत एकेक असतो. ऑफिस, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांची जाळी सुरक्षेसाठी वेगळी ठेवायची असतात, पण प्रत्येकासाठी वेगळे डबे परवडत नाहीत. म्हणून एकाच डब्यात मनाने भिंती घालतात. अशा प्रत्येक खोलीला म्हणतात व्हीलॅन. दोन इमारतींच्या स्विचमधून या सगळ्या खोल्यांची माहिती एकाच वायरीने न्यायची, तीच ट्रंक लिंक. टपालाच्या एकाच डब्यातून वेगवेगळ्या गावांच्या थैल्या जाव्यात तशी.

थैल्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर चार बाइटची चिठ्ठी लावतात. या पद्धतीच्या मानकाचं नाव ८०२.१क्यू. चिठ्ठीत खोलीच्या नंबरासाठी बारा बिट असतात, म्हणून १ ते ४०९४ इतके नंबर वापरता येतात. एका खोलीचं टपाल मात्र बहुधा बिनचिठ्ठीचं जातं. तिला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. ती कोणती, यावर दोन्ही टोकांचं एकमत हवं. नसेल तर दिवा हिरवा दिसतो, लिंक चालू दिसते, आणि टपाल भलत्याच खोलीत पडतं.

आता मुख्य प्रश्न. पूर्ण तुटलेली लिंक बरी, डळमळणारी वाईट, असं या कामातली माणसं म्हणतात. का?

एक वायर तुटली तर काम थांबू नये म्हणून दोन स्विचमध्ये दुसरी वायर किंवा तिसऱ्या स्विचमधून वळसा ठेवतात. पण दोन वाटा झाल्या की वर्तुळ तयार होतं. इथरनेटच्या तुकड्यावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर रद्द’ असा शिक्का नसतो. सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश वर्तुळात सापडला, की फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळं जाळं गुदमरतं.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली शोधला. त्याचं नाव स्पॅनिंग ट्री. आपल्या बडोद्याचं नाव वडावरून, वटोदरवरून आलं असं सांगतात, म्हणून वडाचंच उदाहरण घेऊ. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात, त्यांचीच खोडं होतात, आणि मूळ खोड कोणतं हे काही वर्षांनी सांगता येत नाही. स्पॅनिंग ट्री याच्या उलट वागते. सगळे स्विच आपसांत बोलून एकाला मूळ ठरवतात, प्रत्येकाकडे जाणारी एकच वाट उघडी ठेवतात आणि बाकीच्या वाटा बंद करून राखीव ठेवतात. उघडी वाट तुटली तर राखीव वाट उघडते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट. पर्लमन यांनी आपल्या शोधनिबंधाचा सारांश चक्क कवितेत लिहिला. जॉइस किल्मर या कवीच्या १९१३ सालच्या झाडांवरच्या प्रसिद्ध कवितेच्या धर्तीवर ती रचलेली आहे. किल्मर त्याच वर्षी कॅथलिक झाला आणि १९१८ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच्या कवितेचा साचा पुढे जगभरच्या नेटवर्क इंजिनिअरांच्या पाठात जाईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

पण या झाडाची एक अट आहे. वाट बदलली की हिशेब पुन्हा करावा लागतो. जुन्या पद्धतीत त्याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीत हे बहुधा काही सेकंदांत होतं. लिंक एकदाच तुटली तर हिशेब एकदाच. पण लिंक दर मिनिटाला जात-येत राहिली तर? झाड पुन्हा पुन्हा उपटून लावल्यासारखं होतं. मग त्या वायरीशी संबंध नसलेल्या खोलीतल्या माणसालाही त्रास होतो, आणि दोष कुठे आहे तेच कळत नाही.

हा त्रास किती पुढे जाऊ शकतो, हे बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये दिसलं. विलीनीकरणातून तिथलं जाळं वाढत वाढत इतकं पसरलं होतं की स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेत बसेना. माहितीचा एक मोठा लोंढा आला आणि सगळं कोलमडलं. जवळजवळ चार दिवस डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. औषधांच्या सूचना हाताने लिहिल्या, तपासण्यांचे निकाल माणसांनी धावत पोचवले. रुग्णालयाने ही गोष्ट लपवली नाही, उघडपणे सांगितली, म्हणून आज इतर जण त्यातून शिकतात.

मग डळमळणारी ट्रंक शोधायची कशी? माझा मावसभाऊ हेच काम करतो. त्याच्याकडून शिकलेला क्रम सांगते.

पहिलं, लॉग वाचा. लिंक कधी गेली आणि कधी आली, हे स्विच लिहून ठेवतो. दोन्ही स्विचची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर दोन साक्षीदार दोन वेळा सांगतात.

दुसरं, हाताला लागणाऱ्या गोष्टी बघा. तांब्याची केबल १०० मीटरच्या आत हवी. दोन इमारतींमध्ये तांब्यापेक्षा फायबर बरी, कारण पावसाळ्यात विजेचा झटका तांब्यातून आत येतो. फायबरचं टोक स्वच्छ हवं. आपल्याकडच्या धुळीचा एक कण पुरतो. ती फार वाकलेली नसावी, आणि चालू फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघू नये. दोन्ही टोकांचे एसएफपी एकाच जातीचे हवेत. चुकांचे आकडे शून्यावर आणा आणि तासाभराने पुन्हा बघा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कपाटातला पंखा आणि यूपीएसही तपासा.

तिसरं, दोन टोकांचं एकमत बघा. वेग आणि डुप्लेक्स दोन्हीकडे आपोआप ठेवा, नाहीतर दोन्हीकडे ठरवून द्या. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते, असं नको. परवानगी दिलेल्या व्हीलॅनची यादी आणि नेटिव्ह व्हीलॅन जुळतात का ते बघा. इथे भाषेचाही घोळ आहे. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी लिंक, पण एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक वायरींची बांधलेली मोळी. शब्द एकच, अर्थ दोन. दोन कंपन्यांचे स्विच जोडताना यावरूनच कितीतरी दिवस वाया जाऊ शकतात.

चौथं, झाडाचं मूळ कोणाकडे आहे ते बघा. कोणीच काही ठरवलं नाही, तर सगळ्यांचा अग्रक्रम ३२७६८ असतो आणि सर्वांत लहान पत्त्याचा स्विच मूळ होतो. हा बहुधा कोपऱ्यातला सर्वांत जुना असतो. मूळ कोण, हे आपणच ठरवून द्यावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीच रड.

भावासोबत मी एका संस्थेत गेले होते. परीक्षेचे फॉर्म भरायचे शेवटचे दोन दिवस होते. गावाहून एसटीने आलेली मुलं खिडकीपाशी ताटकळत होती, कारण मध्येच सगळं थांबायचं. आधीच्या माणसाने स्विच बदलला होता, काही फरक नव्हता. भावाने लॉग काढला. लिंक रोज साधारण साडेनऊला आणि चारला जायची, मग तासभर हेलकावे खायची. यंत्राला असं वेळापत्रक नसतं, माणसाला असतं. त्याने सफाईच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “अरे, लादी पुसताना ती पिवळी वायर पोछ्यात अडकते ना रोज. मी बोलले होते, पण कोणी ऐकलं नाही.” फायबर कपाटाखालून लोंबत होती, कनेक्टर सैल झाला होता. नवा पॅचकॉर्ड घालून तो वर बांधला आणि संध्याकाळपर्यंत रांग संपली.

म्हणून पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा: किती वाजता गेलं, किती वेळ गेलं, कोणत्या खोलीत गेलं, आणि शेजारच्या खोलीत चालू होतं का. एवढं सांगितलंत तरी दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम होतं.