फुकटचे सॉफ्टवेअर कोणाच्या जिवावर?

गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडण्याआधी गोंडपिपरी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावांना सावध केले जाते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र बदलाचा असा इशारा देण्याचे काम अनेकदा एकदोन बिनपगारी माणसांवर असते.

■ लेफ्ट-पॅड (मार्च २०१६): लेखकाने अवघ्या ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले, त्यावर विसंबलेले प्रकल्प जगभर अडले.

■ पायथन २: देखभाल २०१५ मध्ये थांबणार होती. वापरणाऱ्यांना बदलायला वेळ मिळावा म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवली.

■ लिनक्स: कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला तरी वापरकर्त्याचा प्रोग्राम मोडायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. मात्र दीर्घकालीन आवृत्त्यांची सहा वर्षांची देखभाल दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. सांभाळणाऱ्यांवरचा ताण हे एक कारण.

■ एक्सझेड, फाइली आकुंचित करणारे साधन (मार्च २०२४): थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास कमावून मदतनिसाने त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले आणि बिंग फुटले.

तुम्ही काय कराल? वापरातली आवृत्ती नोंदवून ठेवा, नवी आधी वेगळ्या संगणकावर तपासा आणि चूक दिसली तर सविस्तर कळवा.