हळदीचे बाष्पनशील तेल : तीन संज्ञांचा विचार

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. या पिकाच्या सुगंधी तेलाविषयी लिहिताना 'आवश्यक तेल', 'बुरशीनाशक' आणि 'प्रतिऑक्सिडीकारक' या तीन संज्ञा योजल्या जातात. त्यांच्या अर्थमर्यादा निश्चित न केल्यास प्रयोगशाळेतील निष्कर्ष कोठारातील हळकुंडांस जसाच्या तसा लावला जातो. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली संज्ञा भाषांतरदोषातून उद्भवली आहे. मूळ इंग्रजी विशेषण येथे 'सार' अथवा 'अर्क' या अर्थाच्या नामावरून आले आहे. 'आवश्यक' हा त्याचा दुसरा अर्थ येथे गैरलागू होय. 'बाष्पनशील तेल' ही संज्ञा अधिक यथार्थ आहे, कारण ती पदार्थाचा स्वभावच सांगते. करडईच्या तेलाचा कागदावरील डाग टिकतो, बाष्पनशील तेलाचा बहुतांशी उडून जातो. हा स्वभाव ध्यानी घेतला की आणखी एक गैरसमज दूर होतो. हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिनचा. ते वाफेबरोबर वर येत नाही. ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या तेलात मुख्यतः टर्मेरोन वर्गातील द्रव्ये असतात. अर्थात कुर्क्युमिनचे गुण या तेलाच्या नावे मांडणे अयुक्त ठरते.

दुसऱ्या संज्ञेत 'नाश' आणि 'रोध' यांचा भेद लोपतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी साठवणीच्या धान्यांवर व मसाल्यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करू शकते. हळदीचे तेल पोषकद्रव्यात मिसळले असता तिची वाढ रोखली जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. तेलातील मेदस्नेही द्रव्ये बुरशीच्या पेशीपटलात शिरून त्याची रचना बिघडवतात, हे त्याचे एक कारण होय. परंतु वाढ थांबलेली बुरशी तेलविरहित पोषकद्रव्यावर ठेवल्यावर पुन्हा वाढू लागली, तर ते तेल त्या मात्रेत बुरशीरोधक ठरते, बुरशीनाशक नव्हे.

तिसरी संज्ञा मापनपद्धतीशी निगडित आहे. डीपीपीएच या जांभळ्या द्रावणाचा रंग जितका उतरेल तितकी प्रतिऑक्सिडीकारक शक्ती अधिक मानतात. ओव्यातील थायमॉल व लवंगेतील युजेनॉल ही फिनॉल वर्गीय द्रव्ये हायड्रोजन अणू सहज देतात, म्हणून त्यांची तेले या कसोटीत प्रभावी ठरतात. टर्मेरोन हे कीटोन आहेत. त्यांत फिनॉल गट नसतो. म्हणजे 'प्रतिऑक्सिडीकारक' हे विशेषण सर्व तेलांस सारख्याच बळाने लागू पडत नाही. कोणत्या कसोटीत व कोणत्या मात्रेत, हे सांगितल्यावाचून ते अपुरेच राहते.

या विवेचनाचे व्यावहारिक फलित महत्त्वाचे आहे. हळकुंडात तेल असूनही ओलसर हळकुंडास बुरशी लागते. तेथे तेल ऊतींतील विशिष्ट पेशींत विखुरलेले असते. प्रयोगपात्रात ते वेगळे काढून निश्चित मात्रेत बुरशीच्या संपर्कात आणलेले असते. म्हणून 'हळद स्वतःचे रक्षण करते' या समजुतीवर साठवण सोपविणे धोक्याचे होय. शिजविलेली हळद नीट वाळविणे आणि कोरड्या जागी ठेवणे यांस पर्याय नाही. संशोधकाने मात्रा, कसोटी आणि 'रोध' की 'नाश' हे स्पष्ट लिहावे. कारण त्याच्या एका शब्दावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पिकाचे बरेवाईट अवलंबून असू शकते.