शर्यत कधी थांबवावी? आल्पाइन स्कीइंगचे आयोजन आणि हवामान

अटलांटाच्या उत्तरेला असलेल्या अल्फारेटापासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील रेबन काउंटीत, स्काय व्हॅली नावाचे स्कीइंगचे केंद्र 1969 मध्ये सुरू झाले आणि 2004 मध्ये बंद पडले. राज्यातील हे एकमेव स्कीकेंद्र यंत्राने तयार केलेल्या बर्फावर विसंबून होते, आणि दक्षिण अ‍ॅपलेशियन डोंगरांतील अनिश्चित हिवाळ्यापुढे यंत्रांना किती मर्यादा पडतात, हे त्याच्या पस्तीस वर्षांच्या इतिहासातून दिसते. अटलांटातच 2017 मध्ये उघडलेल्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमला सरकते छप्पर आहे, आणि 2026 च्या फुटबॉल विश्वचषकातील सामन्यांसाठी निवड झालेल्या या मैदानावर पाऊस आला की छप्पर बंद करून सामना चालू ठेवता येतो. पर्वताच्या उतारावर होणाऱ्या शर्यतीला असे छप्पर घालता येत नाही. त्यामुळे आल्पाइन स्कीइंगच्या आयोजकाला स्पर्धेची तयारी करतानाच ती लांबवण्याची, तिचा मार्ग आखूड करण्याची किंवा ती रद्द करण्याचीही तयारी करावी लागते. शर्यत रद्द होणे हे आयोजनाचे अपयश मानले जाते, परंतु या खेळाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहता योग्य वेळी थांबण्याचा निर्णय हीच आयोजनाची सर्वांत मोठी कसोटी ठरते.

खेळाची घडण

आल्पाइन स्कीइंग म्हणजे डोंगराच्या उतारावरून, रोवलेल्या काठ्यांच्या ठरावीक गेटांमधून, कमीत कमी वेळात खाली उतरण्याची शर्यत. तिच्या जडणघडणीत भारताचा धागा अनपेक्षितपणे गुंफलेला आहे. उतारशर्यतीच्या पहिल्या मानाच्या चषकांपैकी एक 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंटाना येथे खेळला गेला, आणि तो देणारे लॉर्ड रॉबर्ट्स हे कानपूरला जन्मलेले, 1880 मधील काबूल ते कंदाहार या कूचामुळे प्रसिद्धीस आलेले ब्रिटिश सेनापती होते. त्या वेळी कंदाहारात वेढ्यात अडकलेल्या शिबंदीत मुंबई इलाख्याच्या फौजेतील पलटणी होत्या. त्या शहराचे नाव चषकामार्फत आल्प्समध्ये पोहोचले आणि जर्मनीतील गार्मिशचा स्की विश्वचषकाचा उतार आजही कंदाहार याच नावाने ओळखला जातो. 1922 मध्ये म्यूरन येथे आधुनिक स्लॅलम शर्यत भरवणारे आर्नल्ड लन यांचा जन्मही 1888 मध्ये मद्रासचा. पुढे 1924 मध्ये शामोनी येथे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची, म्हणजे फिसची, स्थापना झाली आणि जानेवारी 1967 मध्ये बेर्श्टेसगाडेन येथे विश्वचषक मालिकेची पहिली शर्यत झाली. या मालिकेने देशोदेशींच्या विखुरलेल्या शर्यतींना एका वेळापत्रकात बांधले. एका ठिकाणच्या हवामानाचा परिणाम संपूर्ण हंगामाच्या गुणतक्त्यावर होऊ लागला तो तेव्हापासून.

हवामानाचा फटका सर्व प्रकारांना सारखा बसत नाही. स्लॅलममध्ये गेट अगदी जवळजवळ असतात आणि उताराची एकूण उंची साधारण 180 ते 220 मीटर भरते. जायंट स्लॅलममध्ये वळणे अधिक मोकळी असतात, सुपर-जीमध्ये वेग वाढतो, तर डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात पुरुषांच्या विश्वचषक शर्यतीसाठी प्रारंभ आणि अंत यांच्या उंचीत किमान 800 मीटरांचा फरक लागतो. वेंगेन येथील लाउबरहॉर्नचा मार्ग जवळजवळ साडेचार किलोमीटर लांब असून तेथे 2013 मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारे यांनी ताशी 161.9 किलोमीटर वेग गाठला होता. एवढ्या लांबीच्या मार्गाच्या माथ्यावर ऊन, मध्ये धुके आणि पायथ्याशी पाऊस अशी तीन हवामाने एकाच वेळी असू शकतात. शिवाय डाउनहिलच्या आधी त्याच मार्गावर किमान एक सरावफेरी व्हावीच लागते, त्यामुळे शर्यतीचा दिवस निरभ्र असला तरी आधीचे दिवस वाया गेल्यास शर्यत घेता येत नाही.

बर्फ तयार करण्याचे शास्त्र

नैसर्गिक बर्फवृष्टी कमी पडली तर स्नो गन वापरतात. हे यंत्र दाबाखालील पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत फवारते आणि ते थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. येथे साध्या तापमापकापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा महत्त्वाचा असतो, कारण थेंबाचा काही भाग वाफ होऊन उडताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यातील माठाचे पाणी ज्या कारणाने थंड होते तेच हे कारण, आणि माठाप्रमाणेच ही क्रियाही कोरड्या हवेत जोमाने व दमट हवेत मंदपणे चालते. ओल्या तापमापकाचा आकडा शून्याखाली सुमारे दोन अंश गेल्याशिवाय चांगला बर्फ बनत नाही. जॉर्जियाच्या दमट हिवाळ्यात अशा रात्री मोजक्याच मिळतात. याउलट 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या यांचिंग येथील उतारांवर नैसर्गिक बर्फ फारच थोडा पडत असूनही तेथील कोरड्या थंडीमुळे जवळजवळ संपूर्ण मार्ग कृत्रिम बर्फाने उभारता आला. काही ठिकाणी मागील हिवाळ्यातील बर्फाचा ढीग उष्णतारोधक आवरणाखाली उन्हाळाभर राखून ठेवतात आणि शरद ऋतूत पुन्हा पसरतात. फिनलंडमधील लेवी येथील नोव्हेंबरच्या स्लॅलम शर्यतींना अशा साठवणीचा मोठा आधार असतो.

बर्फ असणे आणि तो शर्यतीयोग्य असणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. मऊ बर्फावर पहिल्या दहा जणांच्या स्कींनी चर पडतात आणि पुढच्या स्पर्धकांना तोच मार्ग अधिक खडबडीत मिळतो, म्हणून विश्वचषकाचा उतार मुद्दाम काचेसारखा टणक केला जातो. त्यासाठी छिद्रे असलेल्या नळ्यांमधून बर्फाच्या थरात दाबाने पाणी सोडून ते गोठू देतात. ऊन वाढून पृष्ठभाग भिजू लागला तर त्यावर मीठ टाकतात. मिठामुळे वरचा ओला थर वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो खालच्या बर्फातून ओढून घेतो आणि झिरपलेले पाणी पुन्हा गोठून काही काळ कठीण पापुद्रा तयार होतो. अशा मेहनतीने घडवलेल्या उतारावर ऐन शर्यतीच्या रात्री ताजा बर्फ पडला, तर तो संकटच ठरतो. शेकडो स्वयंसेवकांना फावडी घेऊन आणि स्की आडव्या धरून घसरत तो मार्गाबाहेर ढकलावा लागतो. वेंगेनसारख्या ठिकाणी या कामात लष्कर आणि नागरी संरक्षण दलाचे मनुष्यबळही उतरते.

वाऱ्यापुढील मर्यादा

बर्फाच्या तुटवड्यावर असे उपाय सापडले, परंतु वारा आणि धुके यांच्यावर कोणतेही यंत्र चालत नाही. डाउनहिलमधील उडीच्या क्षणी आलेला वाऱ्याचा झोत स्पर्धकाला हवेतच उलटवू शकतो. जोराच्या वाऱ्यात पाळणेही बंद ठेवावे लागतात, त्यामुळे स्पर्धक प्रारंभस्थळी पोहोचत नाहीत, आणि धुक्यात बचाव हेलिकॉप्टर उडू शकत नसल्याने जखमी खेळाडूला तातडीने रुग्णालयात नेण्याची हमी राहत नाही. सुरक्षेइतकाच न्यायाचा प्रश्नही येथे असतो. स्पर्धक एकामागून एक उतरत असल्यामुळे पाचव्या क्रमांकाला स्वच्छ प्रकाश आणि पंचविसाव्याला दाट धुके मिळाले, तर शतांश सेकंदांनी ठरणाऱ्या निकालाला अर्थ उरत नाही.

या सर्वांचा विचार करून निर्णय घेण्याची जबाबदारी पंचमंडळावर असते. त्याच्याकडे चढत्या क्रमाने चार पर्याय असतात: प्रारंभ काही वेळ पुढे ढकलणे, प्रारंभस्थळ खाली आणून मार्ग आखूड करणे, शर्यत राखीव दिवशी घेणे आणि शेवटी ती रद्द करणे. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पुरुषांची डाउनहिल हवामानामुळे 8 फेब्रुवारीऐवजी 13 फेब्रुवारीला झाली. ऑस्ट्रियाच्या हर्मन मायर यांचा त्या शर्यतीत भीषण अपघात झाला, तरी त्यानंतरच्या काही दिवसांत त्यांनी सुपर-जी आणि जायंट स्लॅलम या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके जिंकली. 2018 मध्ये प्योंगचांग येथेही वाऱ्यामुळे पुरुषांची डाउनहिल चार दिवस लांबली. ऑलिंपिकमध्ये दोन आठवड्यांचा अवधी हाताशी असल्याने असे करता येते, पण विश्वचषकाचा ताफा आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या देशात जायचा असतो. त्यामुळे तेथे राखीव दिवस क्वचितच उरतो.

किट्सब्यूहेल येथील श्ट्राइफ हा उतार या निर्णयांचे अवघडपण दाखवतो. 23 जानेवारी 2016 रोजी तेथे प्रकाश मंद असताना शर्यत सुरू झाली आणि नॉर्वेचे आक्सेल लुंड स्विंदाल, ऑस्ट्रियाचे हानेस राइशेल्ट व गेऑर्ग श्ट्राइटबर्गर हे तिघे पडून जखमी झाले. 30 स्पर्धक उतरल्यावर पंचांनी शर्यत थांबवली आणि तेवढ्या संख्येवर निकाल ग्राह्य धरून इटलीचे पेटर फिल विजेते ठरले. निकाल नियमाला धरून होता. मात्र शर्यत मुळात सुरू करावी की नाही, हा प्रश्न अशा दिवशी नियमांतून सुटत नाही, तो पंचांच्या विवेकावरच सोपवलेला असतो.

अलीकडच्या हंगामांत रद्द होणाऱ्या शर्यतींनी वेळापत्रकावरच प्रश्नचिन्ह उभे केले आहे. स्वित्झर्लंडमधील त्सेरमाटजवळून सुरू होऊन इटलीतील चेर्विनियाच्या बाजूला संपणाऱ्या डाउनहिलसाठी 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून आठ शर्यती ठरल्या होत्या. पहिल्या वर्षी बर्फाच्या अभावी आणि दुसऱ्या वर्षी बर्फवृष्टी व वाऱ्यामुळे त्यांपैकी एकही झाली नाही, आणि पुढच्या हंगामात हे ठिकाण वेळापत्रकातून गेले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातील झ्योल्डन येथील पुरुषांची जायंट स्लॅलम वाऱ्यामुळे मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेत त्याच वर्षी व्हरमाँटमधील किलिंग्टन येथील महिलांची जायंट स्लॅलम काही स्पर्धक उतरल्यानंतर रद्द झाली आणि पाठोपाठ डिसेंबरच्या आरंभी कोलोरॅडोतील बीव्हर क्रीकच्या तिन्ही शर्यती हिमवादळाने गिळल्या.

याचा परिणाम विजेतेपदांवरही होतो. पहिल्या क्रमांकाला 100, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 60 असे गुण तिसाव्या क्रमांकापर्यंत दिले जातात, आणि हंगामाच्या अंतिम टप्प्यातील रद्द शर्यत पुन्हा घेतली जात नाही. 2021 च्या अंतिम टप्प्यात लेंत्सरहाइडे येथे पुरुष व महिला दोघांच्याही डाउनहिल आणि सुपर-जी शर्यती झाल्या नाहीत. 2024 मध्ये झालबाख येथील पुरुषांची अखेरची डाउनहिल रद्द झाल्याने त्या प्रकाराचा करंडक गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाट यांना शर्यत न होताच मिळाला, आणि 2025 मध्ये आयडाहोतील सन व्हॅली येथे वाऱ्याने दोन्ही डाउनहिल होऊ दिल्या नाहीत. हवामानाखेरीज अन्य कारणांनीही अशीच वेळ येते. मार्च 2020 मध्ये कोर्तिना येथील अंतिम टप्पा कोविडमुळे रद्द झाला आणि जानेवारी 2021 मध्ये वेंगेनमधील रुग्णसंख्या वाढल्याने लाउबरहॉर्नची शर्यत सोडून द्यावी लागली.

भारताचा अनुभव

भारताचा या खेळातील प्रवेशच बर्फाच्या दुष्काळात झाला. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकच्या वेळी ऑस्ट्रियन लष्कराने उतारांसाठी सुमारे 40,000 घनमीटर बर्फ वाहून आणला होता, आणि त्याच स्पर्धेत मूळचे पोलंडचे जेरेमी बुयाकोव्स्की हे भारताचे पहिले हिवाळी ऑलिंपिकपटू म्हणून आल्पाइन शर्यतीत उतरले. 1988 मध्ये कॅलगरी येथे शैलजा कुमार या पहिल्या भारतीय महिला हिवाळी ऑलिंपिकपटू ठरल्या. 2018 मध्ये मनालीच्या आंचल ठाकूर यांनी तुर्कस्तानातील फिसच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि 2022 मध्ये बीजिंगच्या जायंट स्लॅलममध्ये, ज्या दिवशी दाट बर्फवृष्टीमुळे दुसरी फेरी लांबली आणि अनेक स्पर्धक शर्यत पूर्ण करू शकले नाहीत, त्या दिवशी काश्मीरच्या आरिफ खान यांनी दोन्ही फेऱ्या पूर्ण करून 45 वा क्रमांक मिळवला.

आयोजनाच्या बाजूने पाहता गुलमर्गचे उदाहरण बोलके आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा बर्फावरील टप्पा 22 फेब्रुवारी 2025 पासून तेथे व्हायचा होता, परंतु उतारांवर पुरेसा बर्फ नसल्याने तो पुढे ढकलण्यात आला आणि ताजी बर्फवृष्टी झाल्यावर 9 ते 12 मार्च या काळात पार पडला. राज्याराज्यांतील खेळाडूंना त्यासाठी प्रवास व सराव नव्याने आखावा लागला. तरीही अपुऱ्या बर्फातून खडक वर आलेल्या उतारावर तरुण खेळाडूंना उतरवण्यापेक्षा तो विलंब निश्चितच शहाणपणाचा होता.

वेळापत्रकाचा प्रश्न

या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते. गेल्या अर्धशतकात या खेळाने बर्फ तयार करण्यात, साठवण्यात आणि टणक करण्यात मोठी प्रगती केली, परंतु ऑक्टोबरअखेर हिमनदीवर हंगाम सुरू करून मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो संपवण्याचा आग्रह फारसा सोडला नाही. या वेळापत्रकामागे प्रक्षेपणाचे हक्क, पर्यटनाची जाहिरात आणि स्कीच्या विक्रीचा हंगाम ही कारणे आहेत. 2023 च्या आरंभी ऑस्ट्रियाचे स्कीपटू युलियान श्युटर यांच्या पुढाकाराने अनेक खेळाडूंनी फिसला पत्र लिहून हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू करावा आणि एप्रिलपर्यंत न्यावा, तसेच संघांचा प्रवास कमी होईल अशी शर्यतींची मांडणी करावी, अशी मागणी केली. ही मागणी करणारे स्वतः त्या उतारांवरून जिवाची जोखीम पत्करून उतरणारे खेळाडू आहेत, म्हणून तिचे वजन मोठे आहे.

एकाच भूभागातील शर्यती सलग ठेवणे, प्रत्येक वेगवान शर्यतीला खरा राखीव दिवस देणे, अंतिम टप्प्यातील रद्द शर्यतीची भरपाई करणे आणि शर्यत थांबवणाऱ्या पंचांना आर्थिक दबावापासून संरक्षण देणे, हे उपाय कोणत्याही नव्या यंत्रावाचून करता येण्याजोगे आहेत. त्यांचा खर्च निश्चितच आहे, कारण रद्द झालेल्या दिवसाची तिकिटे, प्रक्षेपण आणि स्वयंसेवकांचे श्रम यांचा भार स्थानिक समितीवर पडतो, आणि हा भार एकट्या यजमान गावाने न उचलता महासंघाने वाटून घेतला, तरच पंचांना निर्भयपणे नकार देता येईल. स्काय व्हॅलीसारखी कमी उंचीवरची केंद्रे हवामानापुढे आधी हरली, आणि आता तोच प्रश्न त्सेरमाटसारख्या आल्प्सच्या माथ्यावरील ठिकाणांपर्यंत पोहोचला आहे. हा खेळ टिकवायचा असेल तर पर्वताला वेळापत्रकाप्रमाणे वागवण्याचा हट्ट सोडून वेळापत्रक पर्वताच्या हवामानाप्रमाणे आखावे लागेल. हे काम पुढच्या पिढीवर न ढकलता आजच्या आयोजकांनीच हाती घेणे आवश्यक आहे.