पणजोबांचा मृत्यू कुठे नोंदला गेला?

माझी सून शिकागोची, पोलिश घराण्यातली. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा मी तिला आमची वंशावळ दाखवली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतून माझ्या सासऱ्यांनी ती उतरवून आणली होती, आठ पिढ्यांची. ती बराच वेळ त्या कागदावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई, आमच्याकडे पणजोबांच्या मागे काहीच नाही. पणजोबासुद्धा धड नाहीत. 1909 साली रेल्वेखाली गेले, एवढंच आजी सांगायची. कागद सगळे आगीत जळाले म्हणे.”

त्या ‘म्हणे’च्या मागे आम्ही दोघी दोन वर्षं होतो. परदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आता अशा दोन मुळांच्या वंशावळी तयार होत आहेत. वाटेत जे गैरसमज आम्हाला भेटले ते त्या घरांनाही भेटणार, म्हणून हे लिहिते आहे.

“कागद आगीत जळाले”

शिकागोची मोठी आग ऑक्टोबर 1871 मधली. तीत कोर्टाची इमारत जळाली आणि कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदीही गेल्या, हे अगदी खरं. त्याआधीच्या माणसासाठी चर्चची दप्तरं, जुनी वर्तमानपत्रं, दफनभूमीच्या वह्या यांच्याकडेच वळावं लागतं. पण 1909 ची नोंद 1871 च्या आगीत कशी जळेल? मधे 38 वर्षं गेली होती. नोंद सापडली नाही की घरोघरी आगीचं कारण सांगितलं जातं, आणि एकदा ते कारण मिळालं की कोणी पुढे शोधत नाही.

खरी अडचण बहुतेक वेळा नावात असते. पणजोबांचं नाव वोइचेख. पोलिश घरांत हे नाव पूर्वी पैशाला पासरी होतं, पण इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनाच्या जिभेला ते झेपत नसे. चर्चच्या लॅटिन नोंदींत वोइचेखचं अडाल्बेर्तुस होतं आणि अमेरिकेत आल्यावर अल्बर्ट, नाहीतर चक्क जॉर्ज. आडनावाचं स्पेलिंग तर ऐकणाऱ्याच्या कानावर. आमचे पणजोबा ‘अल्बर्ट’ म्हणून बसले होते आणि आडनावात दोन अक्षरं इकडची तिकडे झाली होती. नावाचा हट्ट सोडून आम्ही तारीख, वय आणि वस्ती धरून शोधलं, तेव्हा ते मिळाले.

“जिथे पुरलं, तिथेच नोंद असणार”

हा गैरसमज दूर करायला मराठी वाचकाला एकच उदाहरण पुरे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचा दगड आहे. तो पाहून कोणी तिथल्या डचेस काउंटीच्या मृत्यूनोंदी चाळायला बसला, तर जन्मभर चाळत बसेल. आनंदीबाई गेल्या त्या पुण्यात, 26 फेब्रुवारी 1887 रोजी. त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांची रक्षा अमेरिकेतल्या स्नेही कार्पेंटर मावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती आपल्या घरच्या जागेत ठेवली. त्या दगडावर जोशी आडनावाच्या शेवटी इंग्रजी ‘आय’ नाही, दोन ‘ई’ आहेत. स्पेलिंगची फसगत आपल्याच माणसाच्या बाबतीतही होते ती अशी.

मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे गेला त्या ठिकाणी. तो राहत कुठे होता, पुरला कुठे, याच्याशी तिचा संबंध नाही. गावाकडचा शेतकरी शहरातल्या इस्पितळात वारला, तर नोंद शहराच्या काउंटीत.

“अमेरिकेत सगळी नोंद एका ठिकाणी असते”

नसते. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1841 मध्येच राज्यभर नोंदणी सुरू केली, पेनसिल्व्हेनियाने 1906 मध्ये आणि इलिनॉयने 1916 मध्ये. देशाच्या मृत्यूनोंदणीच्या क्षेत्रात सगळी राज्यं यायला 1933 उजाडलं. राज्याची नोंदणी सुरू होण्याआधीचं बहुतेक काम काउंटीच्या क्लार्ककडे असे. ओहायोत 1867 ते 1908 या काळात ते प्रोबेट कोर्टाकडे होतं आणि न्यू इंग्लंडच्या राज्यांत गावाच्या क्लार्ककडे. म्हणून आधी राज्य आणि साल ठरवायचं आणि मग कार्यालय. आमचं साल 1909, राज्य इलिनॉय, म्हणजे नोंद काउंटीची.

“प्रत्येक मृत्यूची कोरोनरकडे फाइल असते”

इथे जरा थांबून सांगते, कारण ‘कोरोनर’ म्हटलं की आपल्यासमोर पांढऱ्या कोटातला डॉक्टर उभा राहतो. हे पद मुळात इंग्लंडच्या राजाचं, 1194 सालचं. राजाच्या हक्कांवर आणि महसुलावर नजर ठेवणारा हा माणूस, ‘क्राउन’वरूनच त्याचं नाव पडलं. इंग्रजांबरोबर हे पद अमेरिकेत गेलं आणि मुंबईतही आलं. 1871 च्या कायद्याखाली चालणारं मुंबईचं कोरोनर कोर्ट 1999 मध्ये बंद झालं. जुन्या मुंबईकरांना ते आठवत असेल. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राला मात्र पंचनामा जवळचा. कोरोनरची चौकशी समजून घ्यायची तर तोच डोळ्यांसमोर आणावा: प्रेताच्या आसपास गोळा केलेले पंच, कोणी काय पाहिलं याची विचारपूस आणि शेवटी मृत्यू कशाने झाला याबद्दल पंचांचं मत.

अमेरिकेत कोरोनर बहुधा निवडून येई आणि त्याला वैद्यकाची पदवी असलीच पाहिजे असं नव्हतं. अनेक काउंट्यांत आजही नाही. मॅसॅच्युसेट्सने 1877 मध्ये हे पद मोडून डॉक्टर नेमला, न्यूयॉर्क शहराने 1918 मध्ये आणि कुक काउंटीने 1976 मध्ये. म्हणून 1909 च्या फाइलमध्ये आजच्या पोस्टमॉर्टेमसारखा अहवाल शोधायला गेलात तर निराश व्हाल.

आणि फाइल सगळ्यांची नसते. अपघात, खून, आत्महत्या, अचानक किंवा डॉक्टर नसताना आलेला मृत्यू, अशाच वेळी कोरोनर येई. न्यूमोनियाने घरी गेलेल्या आजीची फाइल कधी उघडलेलीच नसते. ती आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण मृत्यूच्या दाखल्यावरच सापडते. खाली नेहमीच्या डॉक्टरऐवजी कोरोनरची सही असेल, तर चौकशी झालेली आहे. आमच्या दाखल्यावर ती होती.

दाखला आणि चौकशीचं दप्तर मात्र एका कार्यालयात नसतं. कुक काउंटीचे मृत्यूचे दाखले काउंटी क्लार्ककडे. कोरोनरच्या चौकशीची 1872 ते 1911 ची दप्तरं इलिनॉय राज्याच्या अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत. ती शिकागोतल्या नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात ठेवलेली आहेत आणि त्यांची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. 30 डिसेंबर 1903 च्या इरोक्वॉय थिएटरच्या आगीत सहाशेहून जास्त माणसं गेली, तो काळही याच दप्तरांतला.

आमच्या नोंदीची प्रत आली तेव्हा सूनबाई कितीतरी वेळ गप्प होती. थोडक्याच ओळी. पणजोबांचं नाव, ठिकाण, रूळ ओलांडताना मालगाडीची धडक, अपघाती मृत्यू. खाली सहा ज्युरींची नावं. साक्षींचा तपशील नाही. अनेक काउंट्यांत असे जबाब पुढे जपलेच गेले नाहीत.

“सूचीत नाव मिळालं, काम झालं”

सूची म्हणजे फक्त दाराचा पत्ता. तिच्यात नाव, तारीख, खंड आणि पान असतं. आईचं नाव, धंदा, घरचा पत्ता, दफनाची जागा हे सगळं मूळ कागदावर. मिसुरी राज्याने 1910 पासूनच्या आपल्या जुन्या दाखल्यांच्या प्रतिमाच इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत, पण असं औदार्य थोड्याच ठिकाणी. बाकी ठिकाणी अर्ज करून फी भरावी लागते. कायदेशीर कामासाठीची शिक्क्याची प्रत लागत नसेल, तर वंशावळीसाठीची साधी प्रत मागावी. इलिनॉयमध्ये मृत्यूला 20 वर्षं उलटली की अशी प्रत मिळते. इंग्लंडमध्ये कोरोनरच्या फाइली सहसा 75 वर्षं बंद असतात आणि जुन्यांपैकी कितीतरी नष्ट केलेल्या आहेत. तिथे त्या दिवसांतलं स्थानिक वर्तमानपत्र हाच मोठा आधार, कारण बातमीदार चौकशीला हजर असे. शिकागोच्या पोलिश लोकांचंही स्वतःचं दैनिक होतं, ‘जेन्निक शिकागोस्की’. त्यातल्या मृत्यूच्या जाहिरातींची सूची अभ्यासकांनी तयार केलेली आहे.

“ज्युरीने वेडसर म्हटलं, म्हणजे घराण्यात वेड होतं”

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त लागतो. आत्महत्येच्या जुन्या नोंदींत ‘त्या क्षणी बुद्धी ठिकाणावर नव्हती’ अशा अर्थाचे शब्द सारखे येतात. नातवंडं ते वाचून घाबरतात, काही जण तर रोग वंशपरंपरेने आपल्यात आला असेल म्हणून डॉक्टरकडे जातात. इंग्लंडच्या कायद्यात आत्महत्या गुन्हा होता आणि 1870 पर्यंत अशा माणसाची मालमत्ता सरकारजमा होऊ शकत असे. भान हरपलेल्या अवस्थेत केलेलं कृत्य मात्र गुन्हा नव्हे. कॅथलिक चर्चही आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारी, पण बुद्धी ढळलेली असेल तर देई. ज्युरी बहुधा त्याच वस्तीतली, मागे राहिलेली बाई आणि पोरं त्यांच्या नजरेसमोर. ते शब्द अनेकदा निदान नसतात, दया असते.

“दाखल्यावर आहे, म्हणजे खरंच आहे”

एका दाखल्यावर दोन-तीन माणसं बोलत असतात. तारीख, ठिकाण आणि कारण डॉक्टर किंवा कोरोनर सांगतो, तेवढ्यावर बराच विश्वास ठेवावा. वय, जन्मगाव, आईवडिलांची नावं सांगतो तो माहिती देणारा, आणि त्याची ओळ शोधून आधी वाचावी. तो मुलगा आहे, शेजारी आहे की खानावळीचा मालक? आमच्या दाखल्यावर पणजोबा जिथे भाड्याने राहत तिथल्या मालकाचं नाव होतं. बायको तेव्हा पोलंडहून यायची होती. त्यामुळे आईच्या नावापुढे ‘माहीत नाही’, वडिलांच्या नावापुढेही तेच, आणि वय नेमकं चाळीस. गोल आकडा दिसला की तो अंदाजाने सांगितलेला असण्याची शक्यता धरावी.

त्याच कागदावर दफनाची जागा होती: शिकागोजवळच्या नाइल्सची सेंट अडालबर्ट दफनभूमी, 1872 पासूनची, शिकागोच्या पोलिश कॅथलिकांची. तिथल्या कार्यालयाच्या वहीत ओळ क्रमांक आणि जागेचा क्रमांक मिळाला. जागेवर दगड नव्हता, नुसतं गवत. सून तिथे उकिडवी बसली आणि तिने मला सांगितलं की सेंट अडालबर्ट म्हणजेच पोलिश भाषेत संत वोइचेख. कारकुनाने त्यांचं नाव अल्बर्ट केलं, पण शंभर वर्षांहून जास्त काळ ते स्वतःच्याच नावाच्या भूमीत होते.