घर सोडून गेलेला आवाज

बडोद्याच्या आमच्या घरात गाणे म्हणजे नाट्यसंगीत, फार तर अभंग. तेव्हा २००८ सालच्या जानेवारीअखेर आमचा पुतण्या कोणा इंग्रज गायकासाठी रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाला, त्याचे आम्हांस मुळीच कौतुक वाटले नाही, हे प्रथमच कबूल करतो. १ फेब्रुवारीस वांद्रे-कुर्ला संकुलात ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. परत आल्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एकच आमच्या ध्यानात राहिली. ही मंडळी वाद्ये आणि सारे सामान घेऊन ज्या बोइंग विमानाने जगभर हिंडत होती, त्याच्या वैमानिकांत त्यांचा गायक स्वतः होता!

हा गायक म्हणजे ब्रूस डिकिन्सन. पुढे पुतण्याने त्याच्या ध्वनिमुद्रिकांची चळतच आमच्यापुढे मांडली; पण त्या मेडनच्या नव्हत्या, मेडनमधून बाहेर पडून त्याने एकट्याच्या नावावर केलेल्या होत्या. तेथे आमचे कुतूहल जागे झाले. नावाजलेली मंडळी सोडणाऱ्या गायकाचे पुढे काय होते, हा प्रश्न मराठी माणसाला जुनाच आहे. १९१३ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली, त्या वेळी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखी मातब्बर माणसे त्यांच्याबरोबर होती. डिकिन्सन निघाला तो एकटाच.

‘हेवी मेटल’ या संगीतप्रकाराविषयी वाचकांस थोडे सांगणे अवश्य आहे. विजेवरच्या गिटारांचा गडगडाट, ढोलांचा अखंड मारा, आणि या साऱ्यावरून आरपार जाणारा गायकाचा तार सप्तकातला आवाज, असे त्याचे ढोबळ रूप. प्रथम कानठळ्याच बसतात. डिकिन्सनचा जन्म १९५८ चा, इंग्लंडातल्या वर्कसॉप गावचा. लंडनमध्ये त्याने इतिहासाचा अभ्यास केला. १९८१ मध्ये तो मेडनमध्ये आला आणि पुढल्याच वर्षी निघालेल्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ने त्या वाद्यवृंदाचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु घर त्याचे नव्हते. ते उभारले होते स्टीव्ह हॅरिस या बासवादकाने १९७५ साली, आणि घरातला अखेरचा शब्दही त्याचाच.

१९९० मध्ये, मेडनमध्ये असतानाच, डिकिन्सनने ‘टॅटूड मिल्यनेअर’ ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. ती एक सहल होती. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. खरी फारकत झाली १९९३ मध्ये. जाण्याचे ठरल्यावरही दौरा पुरा करणे भाग होते, आणि २८ ऑगस्ट रोजी शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच्या जागी ब्लेझ बेली हा दुसरा गायक आला. अशा वेळी बाहेर पडलेल्याची फारशी कोणी चौकशी करीत नाही.

१९९४ ची ध्वनिमुद्रिका ‘बॉल्स टु पिकासो’. (या नावाचा अर्थ कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात न सांगितलेलाच बरा.) ती सिद्ध होण्याआधी दोन वेगवेगळ्या वेळी केलेले काम त्याने बाजूस सारले होते. अखेर लॉस एंजेलिसचा रॉय झी हा गिटारवादक भेटला आणि सूर जुळला. ‘टिअर्स ऑफ द ड्रॅगन’ हे तिच्यातील शेवटचे गाणे. आरंभ अगदी हळुवार, मग भीती मागे टाकून खोल पाण्यात झोकून देण्याचा आवेग. घर सोडणाऱ्याचे मन त्यात उमटले आहे असे पुष्कळांस वाटते, आम्हांसही वाटले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे घडले ते मात्र कोणत्याही ध्वनिमुद्रिकेहून मोठे आहे. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ पासून वेढ्यात होती. भोवतालच्या डोंगरांवरून तोफा डागल्या जात, नेमबाज रस्त्यावरच्या माणसांना टिपीत. पाणी, वीज, अन्न साऱ्यांचीच वाण. त्या शहरात गाण्यासाठी डिकिन्सन आणि त्याचे तरुण साथीदार निघाले. मदतकार्य करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मालमोटारीतून, इग्मान पर्वतावरच्या धोक्याच्या वाटेने ते आत शिरले, शहरातल्या एका सभागृहात गायले आणि परत गेले. श्रोते होते वेढ्यातच लहानाचे मोठे होत असलेले मुलगे आणि मुली. पुढे २०१६ मध्ये या प्रसंगावर एक अनुबोधपट निघाला. त्यात ती मुले, आता प्रौढ झालेली, त्या रात्रीविषयी बोलतात. पुतण्याने तो आम्हांस दाखविला, आणि हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असे म्हणण्याचे आम्ही त्या दिवसापासून सोडून दिले.

याच साथीदारांना घेऊन १९९६ मध्ये ‘स्कंकवर्क्स’ निघाली. लॉकहीड या विमान कंपनीच्या गुप्त कर्मशाळेचे हे नाव. तेच साऱ्या वाद्यवृंदाचे असावे, आपले नाव वर नको, अशी डिकिन्सनची इच्छा होती; कंपनीने मानले नाही. तेव्हा अमेरिकेतल्या सिएटलच्या संगीताचा बोलबाला होता. ‘निर्वाना’ची पहिली ध्वनिमुद्रिका करणारा जॅक एन्डिनो याला त्याने मुद्रणास बोलाविले आणि आपले लांब केसही कापले. ध्वनिमुद्रिका वाईट नाही, परंतु ती ऐकताना गायक आपला भूतकाळ लपवू पाहतो आहे असे सारखे जाणवते. जुन्या श्रोत्यांनी पाठ फिरविली, नवे आले नाहीत, आणि तो ताफाही विस्कटला.

मग तो रॉय झीकडे परतला. १९९० मध्ये मेडनमधून बाहेर पडलेला गिटारवादक एड्रियन स्मिथही येऊन मिळाला, आणि १९९७ मध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट ऑफ बर्थ’ निघाली. तिचे वेष्टनचित्रदेखील मेडनचा जुना चित्रकार डेरेक रिग्ज याचे. आता काही लपविण्याचे कारण उरले नव्हते.

परंतु आमच्या मते त्याचे सर्वोत्तम काम त्यानंतरचे, १९९८ चे ‘द केमिकल वेडिंग’. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला इंग्रज कवी आणि उत्कीर्णकार विल्यम ब्लेक याच्या काव्यसृष्टीवर आणि किमयागारांच्या कल्पनांवर ती आधारलेली आहे. वेष्टनावर ब्लेकनेच रंगविलेले ‘पिसवेचे भूत’ हे विलक्षण चित्र. गिटारांचा नाद इतका खर्जातला की जमीन हलल्यासारखी वाटावी. आणि त्यावर डिकिन्सनचा आवाज, केवळ टिपेला न जाता मध्य सप्तकात रेंगाळणारा, शब्द तोलून टाकणारा. आर्थर ब्राउन या जुन्या गायकाच्या मुखाने मधूनमधून ब्लेकच्या ओळी येतात. आम्ही मुद्दाम ब्लेकच्या कविता जवळ घेऊन ती पुन्हा ऐकली. अशा गाण्यासाठी ग्रंथ काढून बसण्याची पाळी यापूर्वी आमच्यावर आली नव्हती!

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही मेडनमध्ये परतले. परंतु स्वतःची वेगळी चूल त्याने मोडली नाही. २००५ मध्ये ‘टिरनी ऑफ सोल्स’ आली. नंतर मात्र मोठा खंड पडला. विमानसेवेतली नोकरी आणि मेडनचे दौरे यांत वर्षे गेली. त्यातच २०१४ च्या अखेरीस जिभेच्या मागच्या बाजूस कर्करोग असल्याचे निदान झाले. गायकाला याहून क्रूर जागा कोणती? उपचारांनंतर मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी तो रोगमुक्त असल्याचे सांगितले, आणि रॉय झीच्याच साथीने केलेली ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’ मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मधे एकोणीस वर्षे गेली होती.

तिच्यातल्या एका गाण्याची कथा सांगण्याजोगी आहे. ते त्याने मूळ स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेसाठी रचले होते. हॅरिसला ते आवडले, म्हणून २०१५ च्या मेडनच्या ‘द बुक ऑफ सोल्स’चा आरंभ त्याने झाला. तेव्हाचे गायन निदान होण्यापूर्वीच मुद्रित झालेले होते. म्हणजे रोग गळ्यात असताना तो ते गायला, आणि त्याला ते ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये तेच गाणे थोडे बदलून, नाव बदलून, स्वगृही परत आले. पुतण्या दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकवितो. त्याच्या मते मेडनचे सरस. आम्हांस दुसरे आवडते. आवाज किंचित जाड झाला आहे, वरच्या स्वरावर पूर्वीइतका सहज चढत नाही, पण शब्दावर अधिक थांबतो. यावरून आमच्या घरी अद्याप वाद चालू आहे.